दर सात आठवड्यांनी उलटणारी रात्र

रुग्ण पुरुष, वय ४३, दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध. राहायला भांडुपला, नोकरी फोर्टमधल्या एका बँकेत, फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेण्याच्या टेबलावर. स्वतःची तक्रार त्यांनी एका दमात सांगितली: “झोप यायला हवी तेव्हा येत नाही, आणि येते तेव्हा आवरत नाही.” बरोबर पत्नी, आई आणि तीन फायली. ओळख पटू नये म्हणून घरचे आणि नोकरीचे काही तपशील मी बदलले आहेत.

सुरुवात फायलींपासून करतो, कारण प्रकरणाची सगळी मेख तिथेच आहे.

पहिली फाईल चार वर्षांपूर्वीची. रात्री अकराला अंथरुणावर पडतात, तीन-चार वाजेपर्यंत झोप लागत नाही, सकाळी सातला हलवून उठवावं लागतं. निदान निद्रानाश, औषध झोपेची गोळी. दुसरी फाईल त्यानंतर वर्षभराने. आता तक्रार उलटी: दिवसा अनावर झोप. बँकेत फोनवर बोलता बोलता पेंगतात. स्क्रीन रीडर एकाच ओळीवर अडकून तेच तेच वाचत राहतो आणि शेजारचा सहकारी येऊन खांदा हलवतो. घरी येताना लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन भांडुप’ ऐकूच येत नाही, जाग येते ती कल्याणला. या खेपेच्या डॉक्टरांनी झोपेची रीतसर तपासणी सांगितली. रात्रभर डोक्याला, छातीला, पायांना तारा लावून नोंद घ्यायची असते. तारीख मिळाली तीन आठवड्यांनी. अहवाल उत्तम आला: सात तास सलग झोप, श्वास अडकत नाही, गाढ झोपेचं प्रमाण वयाला साजेसं. तिसरी फाईल मनोविकारतज्ज्ञांची. संध्याकाळी सातलाच मरगळ, जेवणावर वासना नाही, आणि मध्यरात्र उलटताच टक्क जाग. अवेळी जाग येणं हे नैराश्याचं एक ओळखीचं लक्षण, त्यामुळे नैराश्याचं औषध सुरू झालं. पंधरा दिवसांत लक्षणीय फरक, अशी नोंद आहे. त्याच्याच खाली, महिनाभराने: गुण टिकला नाही, मात्रा वाढवली.

तिघांपैकी कोणीही चुकीचं काम केलेलं नाही. ज्या दिवशी जे दिसलं ते प्रत्येकाने नीट लिहिलं. अडचण एवढीच की रुग्णाला तिन्ही आजार आळीपाळीने होत होते आणि मधले काही दिवस काहीच नसायचं.

नवरा-बायकोने याला आपली नावं ठेवली होती: ‘उलटे दिवस’ आणि ‘सुलटे दिवस’. सुलट्या दिवसांत सगळं झकास. उलटे दिवस आले की रात्री दोनला भूक लागायची, पोहे करून खायचे, सकाळी मात्र चहासुद्धा नकोसा. पोट बिघडायचं. लेटमार्क साठत गेले. बँकेत कोणीतरी पिऊन येण्याची शंका घेतली आणि मेमो मिळाला. तो मेमो घेऊनच हे कुटुंब माझ्याकडे आलं होतं.

घरातली बाजू याहून नाजूक होती. पत्नीही अंध आहेत. लहान मुलांना ब्रेल शिकवतात, पहाटे साडेपाचला उठून डबा करतात, रात्री साडेदहाला झोपतात, आणि यात कधी खंड नाही. त्यांनी माझ्यासमोरच नवऱ्याला सुनावलं, “अहो, दिसत तर मलाही नाही. मी कशी वेळेवर झोपते?” सासूबाईंनी लगेच सुनेची बाजू घेतली. वर्षानुवर्षं त्या घरात हा खटला असाच निकाली निघत आला होता: एक अंध माणूस वेळेवर झोपू शकतो, म्हणजे दुसरा आळशी आहे.

पत्नीचा हा प्रश्न मी कागदावर लिहून ठेवला. झोपेच्या तपासणीच्या अहवालापेक्षा तो मोलाचा होता.

तेवढ्यात आईंनी पिशवीतून गेल्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. दुधाच्या हिशेबाच्या चौकटींत त्या पेन्सिलीने बारीक फुल्या मारत होत्या. मुलाला सकाळी उठवता उठवेना त्या दिवशी फुली. त्यांचं म्हणणं, “अमावास्या जवळ आली की याला असं होतं.” मी फुल्यांचे घोळके मोजले. एका घोळक्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण सात आठवडे. अमावास्या येते साडेएकोणतीस दिवसांनी. एखाद-दुसरी फुल्यांशी जुळत होती, बाकीच्या निसटत होत्या. कारण चुकलं होतं, पण हे ठरावीक काळाने फिरून येतं हे त्या माउलीने ओळखलं होतं. तिन्ही फायलींत ते कुठेच नव्हतं.

ठरावीक काळाने फिरून येणारा निद्रानाश आणि दृष्टी पूर्ण गेलेला माणूस, एवढं एकत्र आलं की डॉक्टरच्या मनात एकच शंका यायला हवी. त्यासाठी शरीरातलं घड्याळ कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस नावाचे दोन बारीक पुंजके आहेत. दोन्ही मिळून साधारण २०,००० मज्जापेशी. १९७२ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी उंदीरवर्गातल्या प्राण्यांत हा भाग नष्ट करून पाहिला, तेव्हा त्यांची दिवस-रात्रीची लय विस्कटली. यातल्या प्रत्येक पेशीत काही जनुकं प्रथिनं बनवतात, ती प्रथिनं साठली की आपल्याच जनुकांना थांबवतात, मग हळूहळू विरघळून जातात आणि जनुकं पुन्हा कामाला लागतात. ही फेरी पुरी व्हायला सुमारे एक दिवस लागतो. फळमाशीत हे गणित उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

यात ‘सुमारे’ला फार महत्त्व आहे. माणसाच्या घड्याळाची फेरी बरोबर २४ तासांची नसते. हार्वर्डमध्ये चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने १९९९ साली काटेकोर मोजमाप केलं, तेव्हा सरासरी निघाली २४ तास ११ मिनिटं. म्हणजे बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं रेंगाळतं. ते आपल्या लक्षात येत नाही, कारण सकाळचा उजेड डोळ्यांत शिरतो आणि त्या दिवसापुरती दुरुस्ती होऊन जाते. ही दुरुस्ती रोज करावी लागते. ती थांबली की घड्याळ बंद पडत नाही, आपल्या मूळ गतीने चालत राहतं आणि जगाच्या वेळेपासून रोज थोडं थोडं सुटत जातं.

मुंबईकराला हे समजावून सांगायला समुद्र पुरतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज दुपारी बाराला असेल तर उद्या बाराला पन्नास मिनिटं. कोळीवाड्यातला माणूस हे हिशेबात धरूनच होडी काढतो. आमच्या रुग्णाची रात्र अशीच सरकत होती, फक्त संथपणे. आणि ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. १९७७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये एका २८ वर्षांच्या अंध माणसाची नोंद छापली, तेव्हा त्याची लय २४.९ तासांची निघाली होती, म्हणजे चांद्रदिवसाइतकी. त्यांनीही भरती-ओहोटीच्या लयीशी तिची तुलना करून पाहिली. चंद्राचा त्यात हात असल्याचं मात्र सिद्ध झालेलं नाही; पुढे अनेक अंध व्यक्तींची लय मोजली गेली, कोणाची २४.३, कोणाची २४.६, आणि सरासरी साडेचोवीसच्या आसपास. ज्यांना उजेडाची जाणीवच उरलेली नाही अशा अंधांमध्ये हा विकार दुर्मिळ नाही. नाव त्याला रूक्षच आहे: चोवीस तासांत न बसणारा झोप-जाग विकार.

आता पत्नीच्या प्रश्नाकडे येतो.

दोघांची दृष्टी वेगवेगळ्या कारणांनी गेली होती. नवऱ्याला जन्मापासूनचा काचबिंदू. शाळेत थोडं दिसायचं, अकरावी-बारावीच्या सुमारास उजेडही कळेनासा झाला, एक डोळा असह्य दुखायचा म्हणून काढावा लागला आणि दुसरा आकसून गेला. खोदून विचारल्यावर कळलं की ‘उलटे दिवस’ कॉलेजात सुरू झाले. त्याआधी शाळेच्या वसतिगृहात ते पहाटेच्या घंटेला सगळ्यांबरोबर उठायचे. पत्नीला रेटिनायटिस पिग्मेंटोसा. लहानपणी रातांधळेपणा, मग नजरेचा घेर आक्रसत गेला आणि तिशीत उरलंसुरलंही गेलं. “खिडकीशी उभी राहिले तरी काळोखच,” असं त्या सांगतात.

डोळ्याच्या पडद्यात प्रतिमा टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या, रॉड आणि कोन. रेटिनायटिस पिग्मेंटोसात त्या मरतात. त्यांच्या मागून मेंदूकडे तार नेणाऱ्या गँग्लियन पेशी मात्र बऱ्याच काळ शाबूत राहू शकतात. काचबिंदूत नेमकं उलट होतं, मारल्या जातात त्या गँग्लियन पेशी. अनेक वर्षं सगळ्यांची समजूत अशी होती की उजेड ओळखण्याचं काम फक्त रॉड आणि कोनच करतात, त्यामुळे झोपेच्या दृष्टीने हा फरक कोणाला महत्त्वाचा वाटत नव्हता. मग १९९८ साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाश शोषणारं प्रथिन सापडलं. पुढच्याच वर्षी रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की रॉड आणि कोन दोन्ही नसलेल्या उंदरांचं घड्याळही उजेडाने लावता येतं. डोळे काढले की येत नाही. २००२ साली डेव्हिड बर्सन आणि समर हत्तार यांच्या कामातून कोडं सुटलं. गँग्लियन पेशींपैकी अगदी थोड्या पेशी मेलॅनॉप्सिन बाळगतात, स्वतःच उजेड ओळखतात आणि थेट मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्यांना चित्र बनवायचं नसतं, बाहेर उजाडलंय एवढंच सांगायचं असतं. निळसर उजेडाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, त्या सर्वाधिक दाद देतात.

माणसातला पुरावा त्याही आधीचा आहे. १९९५ साली झाइस्लर यांच्या गटाने उजेड अजिबात न जाणवणाऱ्या ११ अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला. तिघांच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे शरीरात रात्री सुटणारं संप्रेरक, झपकन उतरलं, डोळसांचं उतरतं तसं. डोळे झाकले की उतरेना. ‘आम्हाला काहीच दिसत नाही’ असं ते सांगत होते आणि ते खरंही होतं. त्यांच्या घड्याळाला मात्र दिसत होतं.

तेव्हा भांडुपच्या त्या घरात पत्नी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत शिरणारं ऊन, त्यांच्या नकळत, त्यांचं घड्याळ लावत असणार. नवऱ्याने त्याच गॅलरीत दिवसभर खुर्ची टाकून बसायचं म्हटलं तरी उपयोग शून्य. मी हे सांगितलं तेव्हा पत्नी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग नवऱ्याला म्हणाल्या, “मग इतकी वर्षं मी तुम्हाला उगाच बोलले.” ते हसून म्हणाले, “आईलाही सांग.”

शंका कितीही पक्की असली तरी निदानाला नोंद लागते. नियम किमान चौदा दिवसांचा. अंध व्यक्तीत त्याहून लांब नोंद घेणं चांगलं. आम्ही दोन महिने घेतली. मनगटावर हालचाल मोजणारा पट्टा होताच, शिवाय रोज सकाळी ते मला व्हॉइस नोट पाठवायचे: काल किती वाजता पडलो, किती वाजता झोप लागल्यासारखं वाटलं, दिवसा कुठे डुलकी काढली. त्यांचं बोलकं घड्याळ असल्यामुळे वेळा नेमक्या असायच्या. डोळस रुग्णांच्या झोपेच्या डायऱ्या इतक्या नेमक्या मी क्वचित पाहिल्या आहेत.

एरवी अशी नोंद आलेखावर मांडतात, एका दिवसाची एक ओळ, एकाखाली एक. घड्याळ नीट लागलेल्या माणसाचे झोपेचे पट्टे सरळ उभे रचले जातात. सुटलेल्या घड्याळाचे तिरके उतरत जातात. पण आलेख त्यांना दाखवायचा कसा? तोडगा पत्नीने काढला. ब्रेल पाटी आणि स्टायलस घेऊन त्यांनी प्रत्येक दिवसाची एक ओळ टोचली, तासाला एक घर, चोवीस घरं. झोपेच्या तासाला सहाच्या सहा ठिपके, जागेपणाला कोरं घर. एका कागदावर तीनेक आठवडे मावले. दवाखान्यात माझ्या टेबलावर कागद जोडून ठेवले आणि ते वरून खाली बोट फिरवत गेले. नोकरीमुळे रात्रीचा एक उभा पट्टा होताच, पण काही आठवड्यांत तो पार विरळ व्हायचा, दोन-तीन घरांपुरता. आणि त्याच्या बाजूने डुलक्यांचा दुसरा पट्टा सकाळकडून दुपारकडे, दुपारकडून संध्याकाळकडे तिरका उतरत होता. गणपतीला ते गावी गेले होते, सावंतवाडीकडे. तिथे कोणी उठवायला नव्हतं, झोप येईल तेव्हा झोपायचे. त्या ओळींवर बोट आल्यावर ते थांबले. तिथे तिरकेपणा अगदी स्वच्छ होता, दर दोन ओळींना एक घर. रोज अर्धा तास.

हिशेब जुळला. रोज अर्धा तास म्हणजे पूर्ण फेरी ४८ दिवसांची, आईंच्या फुल्यांइतकी.

आता त्या तीन फायली याच कागदावर ठेवून वाचा. शरीराची रात्र अकरा ते सात असते तेव्हा सगळं सुलटं. बारा दिवसांनी ती पहाटे पाचला सुरू होते: रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. पहिली फाईल. आणखी बारा दिवसांनी शरीराची रात्र सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, म्हणजे ऐन बँकेच्या वेळेत: दुसरी फाईल. तपासणीची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली, तोवर रात्र पुन्हा जागेवर येत होती, म्हणून अहवाल उत्तम. छत्तिसाव्या दिवशी शरीराची रात्र संध्याकाळी पाचला सुरू होते आणि रात्री एकला संपते: तिसरी फाईल. नैराश्याच्या गोळीने पंधरा दिवसांत आलेला गुण हा फेरी पूर्ण होण्याचा गुण होता. त्या काळात अंगारा लावला असता तरी आलाच असता.

इथे एक प्रश्न हमखास येतो: शरीराची रात्र दुपारी असताना ते रात्री दोन-तीन तास तरी कसे झोपायचे? झोप दोन गोष्टींवर ठरते, ही मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली. एक घड्याळ, आणि दुसरा जागरणाचा साठत जाणारा दाब. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठतं, तेही या दाबाचा भाग. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवतं म्हणून तरतरी येते. उलट्या दिवसांत दमलेला माणूस या दाबावर झोपी जातो, पण दाब थोडा उतरला की घड्याळ म्हणतं दिवस आहे, आणि जाग येते. झोपेची गोळीही तेवढीच मदत करते. ती झोप आणू शकते, घड्याळाचा काटा हलवू शकत नाही.

दुसरा हमखास प्रश्न: गजर आहे, लोकल आहे, बँकेची वेळ आहे, जेवणाच्या वेळा आहेत, एवढ्याने घड्याळ लागत नाही? या बाबतीत वटवाघळं आपल्यापेक्षा सुखी दिसतात. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात गुहेतल्या वटवाघळांवर सुंदर काम केलं. काळोख्या गुहेत एकटं ठेवलेलं वटवाघूळ आपल्या मूळ लयीने सुटत जायचं. थव्याच्या गुहेत ठेवलं, तर पिंजऱ्यात आणि अंधारात असूनही बाकीच्यांच्या ये-जा करण्यावर आपली वेळ लावून घ्यायचं. आमचे रुग्ण वीस वर्षं रोज मुंबईच्या गर्दीतून ये-जा करत होते. गर्दीने त्यांना वेळेवर पोचवलं, घड्याळ काही लावून दिलं नाही. जेवणाच्या वेळा यकृतासारख्या अवयवांतली घड्याळं हलवतात, मेंदूतल्या मुख्य घड्याळावर त्यांचं फार चालत नाही.

उपचार मेलाटोनिन. पिनियल ग्रंथी रात्री हे संप्रेरक सोडते, ते शरीराला रात्र झाल्याचं कळवतं, आणि बाहेरून दिलं तर घड्याळाचा काटाही सरकवतं. २००० साली ओरेगॉनमधल्या संशोधकांनी सात पूर्ण अंध व्यक्तींना रोज झोपण्याच्या वेळेच्या तासभर आधी ते दिलं. सहा जणांचं घड्याळ २४ तासांवर आलं. तेव्हा मात्रा १० मिलीग्रॅम होती. पुढे त्याच गटाला दिसलं की अर्धा मिलीग्रॅमही पुरतो, आणि एका रुग्णात तर जास्त मात्रेने जे साधलं नाही ते कमी मात्रेने साधलं. मेंदूत मेलाटोनिन जिथे जाऊन चिकटतं त्या ग्राहींवर काम करणारं टॅसिमेल्टिऑन हे औषध अमेरिकेत २०१४ साली याच विकारासाठी मंजूर झालं, पण ते महागडं आहे आणि इथे त्याची गरज पडली नाही.

“पण मेलाटोनिन मी घेतलंय,” ते म्हणाले. खरं होतं. कोणाच्या तरी सल्ल्याने ३ मिलीग्रॅमची गोळी दहा दिवस रात्री अकराला घेतली होती, फरक पडला नाही म्हणून सोडली. कधी घेतली ते विचारलं. अर्थातच सगळ्यात वाईट आठवड्यांत. बरं असताना औषध कोण सुरू करतं? पण त्या आठवड्यांत रात्रीचे अकरा म्हणजे त्यांच्या शरीराची सकाळ. मेलाटोनिन शरीराच्या संध्याकाळी दिलं तर घड्याळ अलीकडे येतं, शरीराच्या सकाळी दिलं तर आणखी पलीकडे ढकललं जातं. मात्रा मोठी असेल तर औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि नको त्या वेळेतही शिरतं. औषध तेच, त्यांच्या फेरीतला दिवस चुकीचा.

म्हणून आम्ही थांबलो. मेमो हातात असलेल्या माणसाला ‘अजून तीन आठवडे काहीच करायचं नाही’ हे सांगणं सोपं नाही. पण संध्याकाळच्या डुलक्या संपून झोप आपणहून अकराच्या आसपास येईपर्यंत सुरुवात करण्यात अर्थ नव्हता. त्या आठवड्यात अर्धा मिलीग्रॅम सुरू केलं, रोज रात्री ठीक नऊला, रविवार असो की सण. झोपेची गोळी हळूहळू उतरवत नेली. अशा गोळ्या एकदम तोडू नयेत. नैराश्याच्या औषधाचा निर्णय मूळ मनोविकारतज्ज्ञांशी बोलून त्यांच्यावरच सोपवला.

दोन आठवड्यांत आई म्हणाल्या, गुण आला. मी म्हटलं, आजी, हे सुलटे दिवसच आहेत, यात कोणालाही गुण येतो. कालनिर्णयावर पुढच्या फुल्या कधी यायला हव्यात ते काढा आणि ते दिवस उलटू द्या. त्या दिवसांत झोप थोडी उशिरा सरकली, साडेअकरापर्यंत, आणि तिथेच थांबली. औषध रोज अर्धा तास अलीकडे ओढत होतं, घड्याळ रोज अर्धा तास पलीकडे जात होतं, दोघांचं तिथे जमलं. त्या खेपेला आईंनी दोनच फुल्या मारल्या, आणि त्यातली एक आदल्या रात्रीच्या लग्नाच्या जेवणामुळे.

पुढे सरळ रेषा नव्हती. पाच-सहा महिन्यांनी, आता बरं आहे म्हणून, त्यांनी गोळी बंद केली. बरं वाटलं की औषध बंद, ही आपल्याकडची जुनी खोड. तीन आठवड्यांत घड्याळ साडेदहा तास निघून गेलं. घाबरून पुन्हा सुरू केली, पण आता रात्रीचे नऊ शरीराच्या भलत्याच वेळी येत होते. पुन्हा पूर्ण फेरी येईपर्यंत थांबावं लागलं. तेव्हापासून नऊचा गजर त्यांच्या आणि पत्नीच्या दोघांच्याही फोनवर आहे.

बँकेला मी पत्र दिलं, ब्रेलच्या कागदाची छायाप्रत जोडून. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी देण्याची तरतूद आहे, तिचाही उल्लेख केला. मेमो रीतसर मागे घेतल्याचं पत्र आलेलं नाही. येण्याची वेळ मात्र अर्ध्या तासाने पुढे करून दिली, आणि पिण्याची शंका पुन्हा कोणी काढली नाही.

एक गोष्ट त्यांनी अगदी नंतर सांगितली. उलट्या रात्रींत ते एकटे जागे असायचे तेव्हा कानाला इयरफोन लावून परदेशातल्या क्रिकेट सामन्यांचं धावतं वर्णन ऐकायचे. ते आता सुटलं. तक्रार म्हणून सांगितलं नाही, पण सांगितलं.

पत्नीने शेवटी स्वतःसाठी एक प्रश्न विचारला: “माझंही असं होऊ शकतं का?” होऊ शकतं. आतल्या गँग्लियन पेशीही पुढे कमी झाल्या, किंवा काही कारणाने डोळे काढावे लागले, तर होऊ शकतं. त्या दिवसभर गडद काळा चष्मा वापरायच्या, लोकांना बरं वाटावं म्हणून. सकाळी तासभर तो काढून गॅलरीत किंवा रस्त्यावर वावरा, असं सांगितलं आहे. अंध डोळा दुखतो म्हणून तो काढायची वेळ येते तेव्हा ‘याने दिसत नाही ना’ एवढंच विचारलं जातं. झोप वेळेवर येते का, हेही विचारायला हवं. येत असेल तर तो डोळा अजून काम करतोय. त्यांच्या नेत्रतज्ज्ञांच्या फायलीत हे मी लिहून दिलं आहे, आणि वर्षातून एकदा दोन आठवड्यांची झोपेची नोंद आता त्यांचीही घेतो.